गुरुजींचा तंबोरा माझ्या पट्टीत आणावा का?

डिसेंबर २०२४ मध्ये गुरुजींच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, फोन आला, "तंबोरा घेऊन जा. इथे कोपऱ्यात उभा आहे, त्याला हात लावणारं घरात कुणी नाही." गुरुजी जाऊन पाच वर्षं झाली होती. किराणा घराण्याच्या परंपरेतले गायक, आकाशवाणीवर आणि मैफलींत आयुष्यभर गायलेले. नाव सांगितलं तर जुने श्रोते लगेच ओळखतील, पण घरच्यांनी ते लिहू नको म्हणून सांगितलंय, तेव्हा इथे ते गुरुजीच.

मोठ्या कलाकाराचं वाद्य घरी आलं की आनंदाच्या पाठोपाठ प्रश्न येतात. त्याला हात लावायचा का? दुरुस्ती कुठे संपते आणि बदल कुठे सुरू होतो? कागद काय करायचे, कुणाला विचारायचं? मला या प्रश्नांनी काही महिने झोप नीट लागू दिली नाही. माझ्यासारख्या आणखी कुणापुढे ते आले, तर त्यांना थोडा आधार व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

आधी मूळ अडचण. तंबोरा मर्दानी आहे, म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा, काळी एकचा. पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर तो त्याचा 'सा'. भोपळ्याकडच्या घोडीपासून, जिच्यावर तारा टेकतात, दांडीच्या वरच्या टोकाच्या अटीपर्यंत तारेची लांबी सुमारे ४० इंच. मी गाते काळी चारमध्ये. म्हणजे गुरुजींचा पंचम (प) तो माझा षड्ज (सा). त्या तंबोऱ्याची पंचमाची तार तेवढी माझ्या सुरात बोलते, बाकीच्या तारा गुरुजींच्याच. वीस वर्षं ज्याच्या मागे बसून शिकले तो तंबोरा माझा झाला, आणि त्याच्यासोबत मला गाता येत नाही. हे सोसायला कठीण गेलं.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात मी काहीही केलं नाही, फक्त फोटो काढले. हे मला एका वाद्यसंग्राहक मित्राने सुचवलं आणि ते सगळ्यांनी करावं असं वाटतं. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, घोडी जवळून, प्रत्येक खुंटी वेगळी, भोपळ्यावरच्या चिरा फूटपट्टी शेजारी ठेवून. मग टेपने लांबी-रुंदी मोजून वहीत लिहिली. पुढे कारागिराशी फोनवर बोलताना हे फोटो आणि मापं फार कामाला आली. नाहीतर "थोडी चीर आहे" एवढ्याने समोरच्याला काही कळत नाही.

मग कागद. गुरुजींच्या मुलाला मी दादा म्हणते. दादा म्हणाला, "आईने दिलाय, विषय संपला." पण गुरुजींना एक मुलगीही आहे, ती परदेशात असते. उद्या कुणाच्या मनात किंतु नको, म्हणून मीच वकिलांना विचारलं. त्यांनी सांगितलेलं सोपं होतं. जंगम वस्तूचं बक्षीस द्यायला नोंदणीकृत दस्त लागतोच असं नाही, वस्तू प्रत्यक्ष हाती दिली तरी ते कायद्याने पुरतं. तरीही एक साधं बक्षीसपत्र करून ठेवा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. जानेवारीत ते केलं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराचा मुद्रांक चालत नाही, पाचशेचा घ्यावा लागला. नोटरी आणि टायपिंग धरून सगळं हजाराच्या आत झालं. ताईने परदेशातून ईमेलवर संमती कळवली, तिची छापील प्रत कागदाला जोडली. पत्रात काकूंनी स्वतः एक वाक्य घालायला लावलं: "तंबोरा वाजता राहावा." कसा वाजावा, कोणत्या पट्टीत, यावर एक अक्षर नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ते तुला कळेल." खरं सांगायचं तर त्यांनी काहीतरी अट घातली असती तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

यानंतरचा महिना एका वेगळ्याच काळजीत गेला. तंबोऱ्यावर पांढरी नक्षी आहे, घोडीही पांढरट, आणि तारांत ओवलेले मणी पिवळट. जुन्या वाद्यांवर हस्तिदंत असायचं हे ऐकून होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हस्तिदंताच्या वस्तूंवर कडक बंधनं आहेत. २००२ च्या दुरुस्तीनंतर मालकीचं प्रमाणपत्र नसताना अशी वस्तू नव्याने स्वीकारता येत नाही. वारसाहक्काने आली तर चालते, पण तेव्हाही नव्वद दिवसांत वनविभागाकडे घोषणापत्र द्यावं लागतं. मी वारस नाही, शिष्या आहे. हस्तिदंत निघालं असतं तर बक्षीसपत्राचाच घोळ झाला असता. म्हणून सांगते, जुनं वाद्य स्वीकारण्याआधी, कागद करण्याआधी हे तपासून घ्या.

तपासणी घरी बरीच होते. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर बारीक काळपट ठिपके किंवा रेघोट्या दिसतात. सेल्युलॉइड असेल तर कोरड्या कापडाने जोरात घासल्यावर कापरासारखा वास येतो. भिंगातून पाहिलं तर आमच्या घोडीवर ठिपके होते, नक्षीला कापराचा वास होता. तरी खात्री हवी होती. वनविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज आणि फोटो दिले. उत्तरासाठी थांबावं लागलं, मध्ये एकदा फोटो पुन्हा मागितले, पण शेवटी तिथल्या अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष वाद्य बघून तोंडी सांगितलं की काळजीचं कारण नाही. मी अर्जाच्या प्रतीवर पोच घेऊन ठेवली आहे. तुम्हीही घ्या.

पुरातन वस्तूंचा कायदाही त्याच वेळी पाहिला. तो शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना लागतो. आमचा तंबोरा काकूंच्या आठवणीप्रमाणे १९५० च्या दशकात मिरजेत घेतलेला. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो एक जुना तंबोरा, एवढंच. त्याची दांडी कापली काय, भोपळा बदलला काय, मला अडवणारं कुणीही नव्हतं. निर्णयाचं सगळं ओझं माझ्यावर आलं ते इथे.

गुरुबंधू-गुरुभगिनींना विचारलं तर दोन तट पडले. एक म्हणाला, पॉलिशलाही हात लावू नकोस, दांडीवर जिथे गुरुजींचा हात फिरायचा तिथे लाख झिजली आहे, ती झीज हीच त्यांची खूण. दुसरीने उलट सांगितलं, आणि तिचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. "वाजत नाही तो तंबोरा म्हणजे लाकूड. सहा-सात इंच दांडी कमी कर, बारीक तारा घाल, तुझ्या पट्टीत लाव आणि गा. गुरुजींना काय आवडलं असतं, ते काचेत ठेवलेलं की तुझ्या मागे वाजणारं?"

या वादात मी इतरांनी काय केलंय ते वाचत बसले. पंडित रविशंकरांची १९६१ मधली, नोदू मलिक यांनी घडवलेली एक सतार कुटुंबाने २०१७ साली ब्रिटिश म्युझियमला दिली. इटलीचा व्हायोलिनवादक पागानिनीने आपलं १७४३ सालचं व्हायोलिन जेनोआ शहराच्या नावे करून ठेवलं, ते तिथे जपलेलं आहे आणि अधूनमधून वाजवलंही जातं. याच्या उलट इटलीतला व्हायोलिन घडवणारा कारागीर स्त्रादिवारी, त्याची गोष्ट. त्याच्या हातच्या जवळजवळ सगळ्या व्हायोलिनांच्या माना पुढे बदलल्या गेल्या, लांब केल्या, आतली पट्टी जाड केली, कारण सभागृहं मोठी झाली आणि आवाज जास्त लागू लागला. आज आपण ज्या आवाजाला स्त्रादिवारीचा म्हणतो त्यात नंतरच्या कारागिरांचंही काम आहे. म्हणजे ज्याला जे हवं त्याला तसा दाखला मिळतो. पुण्यात केळकर संग्रहालयात वाद्यांच्या दालनातही जाऊन आले. एकेक वाद्य पाहताना मला सारखं एकच वाटत राहिलं, की याचा आवाज कसा असेल.

वस्तू जपणारी माणसं एक कसोटी लावतात ती मात्र मला पटली. केलेला बदल पुढे कुणाला पूर्ववत करता येईल का? येत असेल तर धीर करा, येत नसेल तर थांबा. ही कसोटी मनात घेऊन मार्चमध्ये, गुढीपाडव्याच्या आधी, मिरजेला निघाले.

प्रवासाबद्दल थोडं. तंबोरा मी रेल्वेने नेला नाही, भाड्याची गाडी केली, जाऊन-येऊन साडेआठ हजार रुपये झाले. तारा पूर्ण काढू नका, पण चांगल्या सैल करा. घोडी तारांच्या दाबाने बसलेली असते, ती जागेवरून हलू नये म्हणून मऊ कापडाच्या पट्टीने बांधा आणि तिच्या चारही कोपऱ्यांशी तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, कागदी चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून जागा खूण करून ठेवा. भोपळ्याखाली आणि गळ्याखाली चादरींच्या गुंडाळ्या द्या. भोपळ्यावर काहीही ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत तर तंबोरा अजिबात सोडू नका. सरस उन्हाने सुटतो.

मिरजेची सतारमेकर गल्ली कुणाला नवी नाही. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी तिथे तंतुवाद्यांकडे वळली आणि दीडशेहून अधिक वर्षं ही कला पिढ्यान्पिढ्या चालू आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. आमच्या परंपरेच्या माणसाला मिरज आणखी एका कारणाने जवळची. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. दुकानात जाण्याआधी तिथे जाऊन आले.

ज्यांच्याकडे तंबोरा नेला त्या कारागिरांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी आल्याआल्या तार छेडली नाही. तंबोरा आडवा मांडीवर घेतला, बोटाच्या पेराने भोपळा ठिकठिकाणी वाजवून पाहिला, तबलीवर तळहात फिरवला. मग खुंट्यांकडे बघून म्हणाले, "ही पाचवी मागनं लावलीया." आमच्या तंबोऱ्याला पाच तारा आहेत. मला तो मुळातच तसा घडवलाय असं वाटायचं. चाचांनी दाखवलं, पाचव्या खुंटीचं भोक बाकीच्यांच्या ओळीत नाही, लाकूडही निराळं. घोडीही मूळची नव्हे, नंतर घातलेली. आणि भोपळ्याच्या काठाला आतून जुना जोड आहे. काकूंना फोन केला तेव्हा त्यांना आठवलं, निषादाची तार हवी म्हणून गुरुजींनीच मिरजेत ती खुंटी बसवून घेतली होती.

म्हणजे जे आम्ही जसंच्या तसं जपायचं म्हणत होतो, त्यात गुरुजींनी स्वतः बदल केलेला. गुरुभगिनीला कळवलं तर ती लगेच म्हणाली, "बघ, त्यांनी केला, आता तू कर." मला त्या रात्री सांगलीतल्या नातेवाइकांच्या घरी याचाच विचार करायला भरपूर वेळ मिळाला. गुरुजींनी एक तार वाढवली, पण आधीच्या चार तारा, त्यांची लांबी, त्यांचा सूर जिथल्या तिथे राहिला. निषाद नको असेल तर पाचवी तार काढून ठेवली की झालं. दांडी कापणं या जातीचं काम नव्हे.

दुसऱ्या दिवशी चाचांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "ताई, कापायला मला अर्धा दिवस लागंल. परत जोडायला कुणालाच जमायचं नाही. जोडलं तरी आवाज हाच येईल म्हणून मी सांगू शकत न्हाई." मग मी दुसरा मार्ग विचारला, लांबी तीच ठेवून तारा चढवल्या तर? त्यांनी जोडीची, म्हणजे षड्जाच्या दोन सारख्या तारांपैकी, एक तार काळी दोनपर्यंत नेली आणि तबलीकडे बोट करून थांबले. घोडीपुढे तबली किंचित दबलेली दिसत होती. घरी आल्यावर भावाने, तो अभियंता आहे, हिशेब मांडून दाखवला. तार तीच, लांबी तीच, आणि सूर षड्जावरून पंचमावर न्यायचा तर ताण सव्वादोन पट होतो. सत्तर वर्षांची तबली, तिच्यावर तेवढा भार कशासाठी टाकायचा? तारा बारीक केल्या तर ताण आटोक्यात राहतो, पण एवढ्या मोठ्या भोपळ्याला हलवायला त्यांच्यात जीव पुरत नाही, आवाज पातळ येतो. चाचांनी बारीक तारेची एक जोडी लावून ऐकवली. माझ्या सुरात तंबोरा बोलला खरा, पण तो गुरुजींचा तंबोरा आहे हे ओळखू आलं नसतं. उलट जाड तारा लावून माझ्या षड्जाच्या खालच्या सप्तकातही लावून पाहिला. खर्जाची तार लोळायला लागली.

तिथेच ठरलं. पट्टी बदलायची नाही, लांबीला हात लावायचा नाही. फिरक्यांच्या धातूच्या खुंट्या बसवाव्यात असं कुणीतरी सुचवलं होतं, त्यासाठी भोकं मोठी करावी लागतात, म्हणून तेही नको. आत मायक्रोफोन बसवायचा विचारही सोडला.

जवारीचं, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडीचा माथा घासून जुळवण्याचं, मात्र वेगळं. तारा सतत घासून घोडीचा पृष्ठभाग खाचतो, त्यामुळे नियमित वाजणाऱ्या तंबोऱ्याची जवारी वर्ष-दोन वर्षांनी काढावीच लागते. गुरुजींच्या काळातही ती कितीदा तरी काढली गेली असणार. तरी मला ती जुनी घोडी घासायला द्यायची नव्हती, कारण तिच्यावर त्यांच्या शेवटच्या मैफलींच्या वेळची जवारी आहे. चाचांनी सुचवलं की जुनी घोडी काढून जपून ठेवा, त्याच मापाची नवी उंटाच्या हाडाची करू. मला हे फार आवडलं. जवारी कशी हवी हे सांगायला मी गुरुजींची घरगुती कॅसेट मोबाइलवर उतरवून नेली होती. कॅसेटचा वेग कमीजास्त असतो, त्यामुळे सूर त्यावरून ठरवू नका, पण आवाजाची जात नक्की कळते. चाचा ती ऐकताना दोनदा म्हणाले, "गोल पायजे त्यांना, लई उघडी नको." मग कानस, मग पॉलिश पेपर, तार चढव, जीव सरकव, ऐक, पुन्हा उतरव. एकेका तारेसाठी हे चालू होतं. जीव म्हणजे घोडी आणि तार यांच्यामध्ये घालायचा सुती दोरा, तो केसभर सरकला की सगळा आवाज पालटतो. घरी वाजवणाऱ्यांनी हे शिकून घ्यावं, त्यासाठी मिरजेला जायची गरज नाही.

त्याच दिवशी जवारी पूर्ण झाली नाही, कारण आधी भोपळ्याच्या चिरा भरायच्या होत्या आणि सरस वाळायला वेळ हवा. तंबोरा तिथेच ठेवून आले. ठरलेल्या तारखेला काम झालं नव्हतं, लग्नसराईत कारागिरांकडे तबला-पेटीसकट सगळंच येऊन पडतं. मे महिन्याच्या मध्यावर तयार असल्याचा फोन आला. पैसे असे लागले: चिरा आणि जुना जोड पक्का करणं साडेचार हजार, नवी घोडी जवारीसह साडेतीन हजार, तारा चारशे, दोन ढिल्या खुंट्या बसत्या करणं सहाशे. लाखेचं पॉलिश फक्त दुरुस्तीच्या जागी, त्याचे वेगळे घेतले नाहीत. पुढे फायबरची पेटी घेतली, नऊ हजार. काम देताना काय करायचं याबरोबर काय करायचं नाही तेही कागदावर लिहून द्या. मी "दांडीचं जुनं पॉलिश काढू नये" असं लिहून सही करून दिलं होतं, आणि दांडीवरची झीज आहे तशी राहिली. काढलेल्या सगळ्या वस्तू परत मागा. जुनी घोडी, जुन्या तारा, मणी, सगळं चाचांनी एका डब्यात घालून दिलं. प्रत्येकावर मी तारीख आणि जागा लिहिलेली चिठ्ठी बांधली आहे.

मी त्याच्यासोबत गाऊ शकत नाही, ते दुःख गेलेलं नाही. पण काकूंच्या पत्रातलं वाक्य पाळायचा रस्ता सापडला. आमचा एक गुरुबंधू काळी एकमध्येच गातो, माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाचा आवाजही फुटून तिथेच स्थिरावलाय. १० जुलैला गुरुपौर्णिमेला काकूंच्या घरी गुरुबंधूने त्यावर मुलतानी गायला, तंबोऱ्याच्या साथीला मी बसले होते. काकूंनी पाचव्या तारेकडे बघून विचारलं, "निषाद जरा चढलाय का?" चढला होता.

आता तंबोरा माझ्याकडे असतो आणि ज्याला गायला हवा तो घेऊन जातो. त्यासाठी एक वही केली आहे. नेल्याची आणि आणल्याची तारीख, कोणत्या पट्टीत लावला, काही तुटलं-मोडलं का. काळी एकच्या वर लावायचा नाही एवढी एकच अट पहिल्या पानावर लिहिली आहे. पावसाळ्यात भोपळ्याला बुरशी धरू नये म्हणून आठवड्यातून एकदा पेटी उघडून कोरड्या कापडाने पुसते, खुंट्या फुगून अडकल्या तर जोर न लावता हवा कोरडी होईपर्यंत थांबते. केलेल्या कामाची यादी, आधीचे-नंतरचे फोटो आणि बिलांच्या प्रती यांचा एक संच दादाकडे, एक ताईला ईमेलने आणि एक पेटीच्या खिशात ठेवला आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की चिरा कशा राहिल्यात ते चाचांना दाखवायला पुन्हा मिरजेला जायचंय. कुणाला आपला तंबोरा तिकडे न्यायचा असेल तर कळवा, एकाच गाडीत दोन मावतात.